बोटीच्या इंजिनला ड्राय संप कसा बसवतात? बुलेटपासून युद्धनौकेपर्यंत ऑइलचा सगळा खेळ

गाडी रस्त्यात बंद पडली तर आपण काय करतो? बाजूला घेतो, पार्किंग लाइट लावतो आणि मिस्त्रीला फोन करतो. बोटीला मात्र 'बाजू' नसते. इंजिन थांबलं की बोट वारा आणि लाटा नेतील तिकडे जाते.

२३ मार्च २०१९ ला नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ नेमकं हेच झालं. वायकिंग स्काय नावाचं मोठं प्रवासी जहाज, त्यावर १,३७३ माणसं, आणि भर वादळात जहाजाची चालू असलेली सगळी इंजिनं एकामागोमाग बंद पडली. जहाज खडकांकडे वाहत जाऊ लागलं. पावणेपाचशेच्या आसपास लोकांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलावं लागलं. नशिबाने इंजिनं परत सुरू झाली आणि जहाज बंदरात पोहोचलं. चौकशीत काय निघालं माहितीये? डिझेल संपलं नव्हतं, इंजिनही तुटलं नव्हतं. इंजिन ऑइलच्या टाक्यांमध्ये ऑइल कमी होतं. इंजिन बनवणाऱ्या कंपनीने ६८ ते ७५ टक्के भरा असं सांगितलेलं, आणि टाक्या २८ ते ४० टक्क्यांवर चालवल्या जात होत्या. शांत समुद्रात तेवढ्यावर भागत होतं. लाटांमध्ये टाकीतलं ऑइल हेलकावे खायला लागलं, पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा आली, प्रेशर पडलं आणि सेफ्टी सिस्टीमने इंजिनं बंद केली.

आजचा विषय कोरडा वाटेल (नावातच 'ड्राय' आहे!), पण त्यात एवढं सगळं अडकलेलं आहे. चला, आधी बेसिक समजून घेऊया.

वेट संप आणि ड्राय संप म्हणजे नेमकं काय?

इंजिनच्या तळाला जे पसरट भांडं असतं त्याला पुस्तकात संप म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमध्ये 'चेंबर' म्हणतात. ऑइल बदलताना ज्याचा नट खोलतात, तेच. बहुतेक कार आणि बाइकमध्ये सगळं ऑइल याच चेंबरमध्ये साठलेलं असतं. पंप ते वर ओढतो, फिल्टरमधून बेअरिंगांना देतो, आणि तिथून ऑइल गळत गळत परत चेंबरमध्ये येतं. हा वेट संप. सोपा आणि स्वस्त, आणि रोजच्या वापराला एकदम मस्त.

ड्राय संपमध्ये चेंबर जवळजवळ रिकामा ठेवतात. ऑइल राहतं बाहेरच्या वेगळ्या टाकीत. त्यामुळे पंपाची कामंही दोन होतात. एक भाग टाकीतलं ऑइल प्रेशरने इंजिनला देतो. दुसरा भाग चेंबरमध्ये पडलेलं ऑइल लगेच ओढून टाकीत परत पाठवतो. या ओढणाऱ्या भागाला स्कॅव्हेंज पंप म्हणतात.

हे फक्त रेसिंगवाल्यांचं खूळ आहे असं समजू नका. जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट आठवतेय? युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन येण्याआधीची, डाव्या पायाने ब्रेक मारायची ती. तिचं इंजिन ड्राय संपच आहे. ऑइलची टाकी वेगळी दिसत नाही, कारण ती इंजिनच्याच केसिंगमध्ये ओतलेली आहे. पण आत दोन पंप आहेत, एक देणारा आणि एक परत आणणारा. नाशिकमध्ये आजही अशा बुलेट जिवापाड सांभाळणारे लोक आहेत, त्यांना हे नवीन नाही. महिनाभर उभी राहिलेली बुलेट सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरा-निळा धूर का निघतो? कारण उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं. यालाच वेट संपिंग म्हणतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आणि ओझरला एचएएलमध्ये ज्या सुखोई विमानांची बांधणी झाली, त्यांच्यासारख्या जेट इंजिनांतही ऑइल वेगळ्या टाकीतच असतं. विमान कोलांटी मारताना चेंबरमध्ये ऑइल ठेवून चालणारच नाही ना.

बोटीला हे का लागतं?

एका थाळीत पाणी घ्या आणि ती एकदम बाजूला ओढा. पाणी एका कडेला चढतं. इंजिनच्या चेंबरमध्ये वळणावर हेच होतं. हिशोब अगदी सोपा आहे: वळताना बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या अर्ध्याइतका असेल तर ऑइलचा पृष्ठभाग साधारण २७ अंशांनी कलतो. जोर गुरुत्वाकर्षणाइतकाच झाला तर ४५ अंश! पंपाचं तोंड नेमकं उघडं पडलं तर तो हवा ओढतो.

बरं, दोन सेकंद हवा गेली तर काय बिघडलं? बिघडतं. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. त्या थरावरच सगळा भार तोललेला असतो. हवेचे बुडबुडे दाबले जातात, ऑइल दाबलं जात नाही. बुडबुडे आले की थर फाटतो, धातूला धातू घासतो, बेअरिंग वितळतं आणि इंजिन सीज होतं.

रस्त्यावरच्या गाडीला वळण संपलं की श्वास घ्यायला वेळ मिळतो, उतारावर ॲक्सिलरेटर सुटतो. स्पीड बोटीला उतार नाही. ती सतत चढावर असल्यासारखी चालते, थ्रॉटल उघडा आणि आरपीएम वर. त्यात लाटेवर उडाली की पंखा पाण्याबाहेर येतो, आरपीएम झटकन वाढतो, ऑइल चेंबरच्या छताकडे उसळतं आणि खाली आदळताना फेस होतो. शिवाय इंजिन मुळात सपाट बसवलेलंच नसतं. पंख्याचा शाफ्ट तिरका पाण्यात जातो म्हणून इंजिनही मागे तिरकं असतं, आणि वेग घेताना नाक वर झालं की आणखी तिरकं.

म्हणूनच वॉटर स्कूटर, ज्याला आपण सरसकट जेट स्की म्हणतो, त्यातल्या सी-डूच्या फोर-स्ट्रोक रोटॅक्स इंजिनात कंपनीकडूनच ड्राय संप येतो.

बसवायचं कसं?

आता मुख्य काम. समजा एखाद्या स्पीड बोटीत पेट्रोलचं व्ही-८ इंजिन आहे आणि त्याला ड्राय संप करायचाय.

पहिलं काम मोजमाप. इथे तुमचा फोन खरंच कामाला येतो. फोनमधलं लेव्हल ॲप उघडा आणि फोन इंजिनच्या एखाद्या मशीन केलेल्या सपाट भागावर ठेवा. बोट पाण्यात असताना इंजिन किती अंश तिरकं आहे ते कळेल. मग कोणाला तरी बोट चालवायला सांगून वेगात असतानाचा कोन हलच्या सपाट भागावर घ्या. फोन पट्ट्याने बांधून, आणि इंजिनच्या फिरत्या भागांपासून लांब, हे सांगायला नको. (कव्हर लावलेलं असेल तर लेव्हल खोटी दाखवू शकते, पण कव्हर काढलेला फोन बोटीत हातातून सुटला तर... तुमचं तुम्ही ठरवा.) या कोनावरून चेंबरमधली सगळ्यात खालची जागा कोणती ते ठरतं. बहुतेक बोटींत ती मागची, फ्लायव्हीलकडची बाजू असते. पण व्ही-ड्राइव्ह असेल तर इंजिन उलटं बसतं आणि सगळा हिशोब फिरतो. न बघता कारचा ड्राय संप किट आणून लावला तर नेमकी इथेच फसगत होते.

मग जुना चेंबर काढून त्याजागी उथळ पॅन बसवतात. त्यात ऑइल ओढायची तोंडं, म्हणजे पिकअप, दोन-तीन ठिकाणी असतात. जास्तीची तोंडं खालच्या बाजूला आणि एखादं पुढे, थ्रॉटल सोडल्यावर ऑइल पुढे धावतं म्हणून. इंजिनच्या आतला मूळ ऑइल पंप काढून त्याच्या वाटा बंद करायच्या. एखादी वाट उघडी राहिली तर नवीन पंपाचं प्रेशर तिथून चेंबरमध्येच पळतं आणि गेज का चढत नाही म्हणून दोन दिवस डोकं खाजवत बसावं लागतं.

नवीन पंप बाहेर, क्रँकच्या पुलीवरून दातेरी बेल्टने चालतो. तो एका दांड्यावर ओवलेल्या अनेक पंपांची माळ असतो: एक भाग प्रेशरचा, बाकीचे दोन, तीन किंवा चार स्कॅव्हेंजचे. पुल्या अशा निवडतात की पंप क्रँकच्या साधारण निम्म्या वेगाने फिरेल. इंजिन ४,५०० आरपीएमवर असेल तर पंप सव्वादोन हजारांच्या आसपास. जास्त जोरात फिरवला तर पंप ऑइलचाच फेस करतो.

स्कॅव्हेंजची ओढण्याची ताकद देणाऱ्या भागाच्या दुप्पट-तिप्पट का ठेवतात? कारण तो नुसतं ऑइल ओढत नाही, ऑइल आणि हवेचा फेस ओढतो. फेसाला जागा जास्त लागते. ताकद कमी पडली तर ऑइल चेंबरमध्येच साठत राहतं आणि टाकी रिकामी होते.

इथे एक नियम पक्का: एका पिकअपला एक स्कॅव्हेंज भाग. पैसे वाचवायला दोन पिकअप टी-जोडाने एकाच भागाला जोडायचे नाहीत. स्ट्रॉचं उदाहरण घ्या. तोंडात दोन स्ट्रॉ, एक उसाच्या रसात आणि एक बाहेर हवेत. ओढून बघा, रस येतो का! हवा सोपी असते, ती आधी येते. बोट वळली की एक पिकअप उघडं पडणारच, आणि मग दुसऱ्याचंही काम बंद.

प्रत्येक स्कॅव्हेंज भागाच्या आधी तारेची जाळी हवी. बेअरिंगचा किंवा गॅस्केटचा तुकडा पंपात अडकला तर बेल्ट तुटतो, आणि मग सगळंच थांबतं.

टाकी: इथे घाई नको

माझ्या मते सगळ्या सिस्टीममध्ये जास्त विचार टाकीवर करावा, आणि लोक सगळ्यात कमी तिथेच करतात. 'जिथे जागा मिळेल तिथे जी बसेल ती' असं चालतं.

टाकी उंच आणि अरुंद हवी, गोल असेल तर उत्तम. पसरट टाकी म्हणजे पुन्हा थाळीच. परत येणारा फेस वरच्या भागात भिंतीला घासून आत सोडतात, म्हणजे तो गोल गोल फिरत खाली उतरतो. ऑइल जड म्हणून भिंतीकडे जातं, हवा मध्ये गोळा होऊन वर निघते. ताक घुसळताना लोणी वेगळं होतं तसं, फक्त इथे लोण्याऐवजी हवा. मध्ये भोकांच्या चकत्या घालतात, म्हणजे हेलकावे कमी. वर साधारण एक तृतीयांश जागा रिकामी सोडायची. तळातून जाड पाइपने ऑइल पंपाकडे, आणि टाकीतली ऑइलची पातळी पंपापेक्षा वर हवी, म्हणजे पंपाला ऑइल आपोआप मिळतं.

टाकी किती मोठी? एक हिशोब करूया. पंप मिनिटाला ४० लिटर ऑइल फिरवतोय आणि टाकीत १० लिटर आहे. म्हणजे प्रत्येक थेंबाला टाकीत फक्त १५ सेकंद मिळतात. तेवढ्यात हवा सोडायची आणि थोडं थंड व्हायचं. ५ लिटर असेल तर साडेसात सेकंद. फेस परत इंजिनमध्ये जाणार की नाही, सांगा बरं.

आणि वायकिंग स्कायची गोष्ट इथेच लागू होते. त्या जहाजातही ऑइल इंजिनखालच्या वेगळ्या टाक्यांमध्येच होतं. ड्राय संपमुळे हेलकाव्यांचा प्रश्न गायब होत नाही, तो चेंबरमधून उचलून टाकीत जातो. टाकी नीट भरलेली आणि नीट आकाराची असेल तरच तो तिथे सुटतो.

टाकीच्या डोक्यावरचा ब्रीदर पाइप एका छोट्या डब्यात सोडायचा, बोटीच्या तळाशी म्हणजे बिल्जमध्ये नाही. ब्रीदरमधून ऑइलची वाफ आणि थोडं ऑइल येतंच. ते बिल्जच्या पाण्यात मिसळलं की बिल्ज पंप ते बाहेर फेकणार. आपल्याकडे गंगापूर धरणाच्या काठी बोट क्लब आहे, आणि त्याच धरणातून नाशिक शहर पाणी पितं. त्यामुळे हा डबा आणि तो वेळेवर रिकामा करणं याला माझ्या दृष्टीने पंपाइतकंच महत्त्व आहे. पेट्रोल बोटीत तर बंदिस्त बिल्जमध्ये वाफा साठणं म्हणजे आगीला निमंत्रण.

पाइपांबद्दल थोडक्यात: ओढणारे पाइप सगळ्यात जाड आणि आखूड, काटकोनी वळणं टाळा, आणि आत तारेचा आधार असलेलेच घ्या. साधा रबरी पाइप गरम झाल्यावर ओढीने आतून चपटा होतो. बाहेरून छान गोल दिसत असतो!

ऑइल कूलर बोटीत बहुतेक वेळा बाहेरच्या पाण्यावर चालतो. आतली नळी गंजून फुटली की पाणी ऑइलमध्ये येतं आणि ऑइल ताकासारखं पांढरट दिसतं. तसं दिसलं की इंजिन सुरूच करू नका. दुसरी गोष्ट, धरणाचं थंड पाणी ऑइलला गरजेपेक्षा जास्त थंड करू शकतं. ऑइल ९०-१०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं तरच त्यातली ओल उडते. म्हणून कूलरला थर्मोस्टॅट लावलेला बरा. आणि आधीचं इंजिन बेअरिंग जाऊन बसलं असेल तर जुना कूलर वापरू नका. त्याच्या नळ्यांत अडकलेला कीस धुऊन पूर्ण निघत नाही, तो नव्या इंजिनमध्ये येतो.

पहिल्यांदा सुरू करताना

सगळं जोडलं, ऑइल भरलं, आता स्टार्टर मारू? थांबा. आतले सगळे पाइप कोरडे आहेत. पंपाचा बेल्ट काढायचा, पंपाला ड्रिल मशीन लावायची आणि पंपाच्या योग्य दिशेने फिरवायचा. गेजवर प्रेशर दिसेपर्यंत फिरवत राहायचं. हे करताना टाकीतलं ऑइल कमी होतं, ते परत भरायचं. मग बेल्ट चढवून, स्पार्क प्लग काढून, स्टार्टरने इंजिन थोडं फिरवायचं. त्यानंतरच सुरू. काही सेकंदांत प्रेशर आलं नाही तर लगेच बंद. 'येईल आता' म्हणून वाट बघायची नाही.

प्रेशर पडल्यावर वाजणारा अलार्म मात्र हवाच. बोट चालवताना नजर पाण्यावर असते, गेजवर नाही.

प्रत्येक बोटीला हे हवंच का?

नाही! कोकणातल्या मच्छीमार बोटीचं डिझेल इंजिन किंवा धरणावर पर्यटकांना फिरवणारी साधी बोट यांना चांगल्या चकत्या घातलेला वेट संप पुरतो. ड्राय संप म्हणजे आणखी एक बेल्ट, आणखी पाइप, आणखी जोड, आणि प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक जागा. रेसिंग किंवा सतत फुल थ्रॉटल नसेल तर तो पैसा इंजिनच्या सर्व्हिसिंगवर घालवा.

मोठ्या जहाजांचं गणित वेगळं आहे. समुद्रात माल वाहणाऱ्या जहाजांच्या अवाढव्य टू-स्ट्रोक इंजिनांत ऑइल जहाजाच्या दुहेरी तळातल्या टाकीत उतरतं. तिथून विजेवर चालणारे पंप ते वर पाठवतात. एक पंप बंद पडला तर दुसरा आपोआप सुरू होतो, आणि इंजिन सुरू करण्याआधीच ऑइल फिरवून घेतात. म्हणजे आपण ड्रिल मशीनने केलं तेच, मोठ्या प्रमाणावर. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांत, म्हणजे सोलासमध्ये, हेही लिहिलेलं आहे की मुख्य यंत्रणा जहाज एका बाजूला १५ अंश कललेलं असताना आणि लाटांत २२.५ अंशांपर्यंत डोलताना चालली पाहिजे, शिवाय पुढे-मागे ७.५ अंशांपर्यंत.

आणि हा विषय नाशिकपासून लांबचा नाही. समुद्र आपल्यापासून घाट उतरून गेल्यावर लागतो, पण किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठ्या इंजिनांचा कारखाना नाशिकमध्ये आहे. फ्रान्सच्या पीलस्टिक कंपनीच्या परवान्याने किर्लोस्करने नौदलासाठी इंजिनं बनवली. २ एप्रिल २०२५ ला नौदलाने याच कंपनीबरोबर ६ मेगावॉटचं जहाजाचं डिझेल इंजिन भारतात डिझाइन करून बनवण्याचा करार केला. खर्च २७० कोटी रुपये, त्यातले ७० टक्के केंद्र सरकार देणार. आजवर एवढ्या ताकदीची बहुतेक इंजिनं परदेशी कंपन्यांकडून घ्यावी लागत होती. एवढ्या इंजिनाला ऑइलचा प्रवाह कसा द्यायचा, २२.५ अंशांवर पंपाचं तोंड बुडलेलं कसं ठेवायचं, हे प्रश्नही त्या डिझाइनचा भाग असतात. मेकॅनिकल किंवा मरीन इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

जाता जाता: डिपस्टिक कधी बघायची?

आता ती बुलेट आठवा. ड्राय संप इंजिन बराच वेळ उभं राहिलं की टाकीतलं ऑइल थोडं थोडं खाली इंजिनमध्ये उतरतं. सकाळी डिपस्टिक बघितली की ऑइल कमी दिसतं. मग कुणीतरी अर्धा लिटर ओततं. इंजिन सुरू झाल्यावर खालचं सगळं ऑइल टाकीत परत येतं, आता जागाच नाही, आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून बाहेर. वेट संपच्या सवयीने हे सर्रास होतं, कारण तिथे आपण इंजिन थंड आणि शांत असतानाच लेव्हल बघतो.

ड्राय संपमध्ये उलटं. आधी इंजिन तापू द्या, थोडा वेळ आयडलवर चालवा, बंद करा आणि लगेच लेव्हल बघा. नेमका किती वेळ थांबायचं ते प्रत्येक इंजिनच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. वॉटर स्कूटर पाण्याबाहेर ट्रेलरवर असेल तर बघण्याआधी ती सपाट उभी आहे ना ते पाहा. आणि पाण्याच्या पाइपशिवाय ती चालवू नका, इंजिन थंड ठेवणारं पाणी तिथे मिळत नाही.